भिंतीतली बोटं

"हातमोजा काढा ना, मिस टेट," डॉक्टर हॅलोरन म्हणाली. "उघडा हात विटेवर असला की फोटो फार बोलका येईल."

मी काढला. चर्चच्या दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवताना आम्ही बायका घालतो तसला पांढरा, इस्त्रीचा हातमोजा. शुक्रवारच्या समारंभाची बुधवारी दुपारी रंगीत तालीम चालली होती. हिरवळीवर खुर्च्या मांडणारी माणसं, दोन फोटोवाले, आणि हातात कागदांचा गठ्ठा घेतलेली ही हॅलोरन. पोरगी गुणी, पण सदान्‌कदा डोळ्यांत पाणी. कॉलेजच्या जुन्या इमारतीची ती भिंत, आणि छातीच्या उंचीवर ती वीट. चार बोटांचे चार खळगे. "इथं," ती हलक्या आवाजात म्हणाली, जणू आत कुणी झोपलंय. "तुमच्याच घराण्यातलं लेकरू असेल. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचं." मी हात लावला. तीन बोटं नुसती वर टेकली, खळगे लहान होते. पण करंगळीचं टोक आत घसरलं, तळाशी गेलं, आणि तिथं ते वळलं. आत, अनामिकेकडे. माझी करंगळी जिथून वळते तिथूनच. मी हात असा काढला की भाजलाच म्हणा. हॅलोरनने छातीवर हात ठेवला. "जाणवलं ना तुम्हाला?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून खरोखरच टिपं गळायला लागली. मी म्हटलं, "उन्हाने झालं असेल," आणि हातमोजा पुन्हा चढवला.

अठ्ठावीस वर्षं मी ती वीट घासलीय. कुणाला खोटं वाटेल, पण कॉलेजच्या सफाईखात्यात ते कामच होतं, लिहून दिलेलं. पोरं परीक्षेला जाताना त्या खळग्यांत बोटं घालून जायची. नशिबाची वीट म्हणायची तिला. शंभर वर्षांचा रिवाज. बाप घालून गेला, आजा घालून गेला, म्हणून नातू घालतो. परीक्षेचा आठवडा संपला की विटेभोवती काळा तेलकट गोल उठायचा आणि खळग्यांत काय काय साठायचं ते विचारू नका. जॅम, चीज, थुंकी, शेंबूड, एकदा तर दात उमटलेलं च्युइंग गम. मी रबरी हातमोजे घालून, बारीक ब्रशने, साबणाचं पाणी मारून ते सगळं खरवडून काढायची आणि मनातल्या मनात शिव्या द्यायची. उघडं बोट मी तिथं कधी लावलं नाही. दुसऱ्याच्या शेंबडात बोट कोण घालेल? पोरं गमतीने म्हणायची, मिस ड्रुसिला, तुम्ही पण लावा की, लॉटरी लागेल. मी म्हणायची, बाळांनो, मला लॉटरी लागली असती तर तुमची घाण काढायला मी इथं असते का? हसायची मेली. वाईट नव्हती पोरं. पण एकालाही कधी वाटलं नाही, की विटेत बोटं आली कुठून.

ते वाटलं तीन वर्षांपूर्वी, कॉलेजला. आजूबाजूच्या मोठमोठ्या विद्यापीठांनी आपापल्या मालकीच्या गुलामांचे हिशेब काढले, मग आमच्या ॲशकोम कॉलेजलाही खुमखुमी आली. सत्य आणि स्मरण समिती. दोनशे चौदा पानांचा अहवाल. हॅलोरनने तो मला घरी आणून दिला, रिबीन बांधून. लग्नाचा केक देतात तसा. त्यात आमच्या घराण्याची वंशावळ होती, खापरपणज्याचा बाप एसाव, कॉलेजच्या मालकीचा वीटवाला, घोड्यांच्या आणि गाद्यांच्या यादीत त्याचं नाव. ते वाचून मी खरंच रडले, ते नाकारत नाही. त्याच्या वयापुढे वीस लिहिलं होतं आणि त्याच ओळीत, एक डोळा अधू. माझ्या भावाचा एक डोळा जन्मापासून अधू होता. तेवढ्यासाठी मी हॅलोरनचे आभार मानले, मनापासून. पण पान एकाहत्तरवर वीट होती. मोठा फोटो, मोजमाप, बाण. वीटभट्टीवर ओल्या विटा उलटायचं काम लेकरांचं, उलटताना बोटं रुतायची, हे बरोबर. लेकराचं वय पाच ते सात. आणि मग ती ओळ: ‘करंगळीला गंभीर दुखापत झालेली दिसते, बहुधा शिक्षेमुळे.’

शिक्षा! माझ्या बापाच्या ट्रकचं दार, दुसरं काय. चार वर्षांची होते, आइस्क्रीमसाठी भोकाड पसरलं होतं, आणि दार सोडायला तयार नव्हते. अर्नेस्टीनने, माझ्या चुलतबहिणीने, तेच दार लावलं. आज एकाहत्तर वर्षांची घोडी झाली तरी तिला ते सांगितलं की ती म्हणते, "तूच हात घातलास." बुधवारी तालमीहून मला घरी आणायला तिचीच गाडी होती. माझं तोंड पाहून ती म्हणाली, "काय गं, भूत बघितलंस?" मी म्हटलं, "अर्नेस्टीन, करंगळी मोडली त्याच्या दोन वर्षांनी बाबा मला कुठं घेऊन गेले होते, आठवतं का तुला?" ती म्हणाली, "मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि हिला साठ वर्षांपूर्वीचं हवंय."

मला आठवत होतं. वाईट हे की कायमच आठवत होतं, आणि तरी कळलं नव्हतं. शनिवार. नदीकाठची भट्टी, जिथं बाबांचा एक दोस्त कामाला होता. माझे वडील अमोस टेट, कॉलेजचे गवंडी, तेहेतीस वर्षं. कॉलेजात त्यांना पुढच्या दाराने जाता यायचं ते शिडी खांद्यावर असेल तरच. त्यांनी लाकडी साच्यात चिखल थापला, काठीने वरचा सपाट केला, साचा उचलला. ओली वीट उन्हात चमकत होती. मी म्हटलं, मी हात लावू? आणि मला वाटलं ते ओरडणार, कारण कामाला हात लावला की ते ओरडायचे. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे असं पाहिलं की मलाच भीती वाटली. मग म्हणाले, "लाव. जोरात दाब, पोरी. तुला ते दारातून आत घेणार नाहीत. भिंतीतून तरी जा." चिखल गार होता, आणि नखांत गेला, तो मी दातांनी काढला. त्याची चव अजून जिभेवर आहे, लोखंडासारखी. घरी आल्यावर आई त्यांना म्हणाली, "लेकराला का गुंतवलंस यात?" आणि बाबा म्हणाले, "गॅरिटी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, जुनी वीट पोरांच्या बोटांनी भुसभुशीत झाली, कोपरा ढासळला. तशीच दुसरी करून बसव आणि कुठं बोलू नकोस, जुन्या विद्यार्थ्यांना कळलं तर देणग्या बंद होतील. जुनी कचऱ्यात टाक. बोटं लागतील म्हटलं तर हसून म्हणाला, अमोस, तुझ्या घरी लेकरांची काय वाण आहे?" गॅरिटी म्हणजे कॉलेजच्या इमारतींचा साहेब. ही बोलणी माझ्या कानावरून गेली, पण सहा वर्षांच्या पोरीला वीट म्हणजे वीट. कुठली, कसली, कोण विचारतो? पुढं मी स्वतः त्याच कॉलेजात फडकं घेऊन शिरले आणि अठ्ठावीस वर्षं माझ्याच बोटांच्या खळग्यांतला शेंबूड काढत राहिले. हे बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात कॉर्नब्रेड कापताना मला नीट समजलं, आणि सुरी खाली ठेवून मी नळाखाली हात धरला. साबण लावला. पुन्हा लावला. कातडी लाल झाली तरी तो तेलकटपणा जाईना. आणि कुणाचा तेलकटपणा म्हणून सांगू? सगळ्यांचा. गोऱ्या पोरांचा, पुढंपुढं आमच्या काळ्या पोरांचाही, कारण एकदा आत घेतल्यावर तीही बोटं घालायला लागली. माझी भाची शिकली तिथं. तिनेही घातली होती.

आणि मग दुसरी गोष्ट सुचली. जुनी वीट. गॅरिटीने टाक म्हटलेली. माउंट नेबो चर्चच्या मागं आमच्या माणसांचं कब्रस्तान आहे, तिथं टेटांच्या ओळीत शेवटी एक टीचभर थडगं आहे. दगड नाही, नाव नाही. जमिनीत अर्धी पुरलेली एक वीट, पालथी, तिच्यावर समुद्रातला शिंपला आणि कान तुटलेला कप. आमच्यात मेलेल्या माणसाच्या हातात शेवटी जे होतं ते वर ठेवतात. दरवर्षी मे महिन्यात सगळी थडगी साफ करतो तेव्हा ते पण करतो. मला वाटायचं, आईचं एखादं जन्मतःच गेलेलं मूल असेल. एकदा विचारलं होतं, बाबा, हे कुणाचं? म्हणाले, "लेकराचं." नाव काय? "माहीत नाही." मग पालथी का, वर केली तर? तेव्हा मात्र ते ओरडले. "हात लावायचा नाही! पुष्कळ लावले लोकांनी हात." बाबा जाऊन बेचाळीस वर्षं झाली. बोलणारा माणूस नव्हता तो. जेवढं बोलायचा तेवढं समजायला मला म्हातारी व्हावं लागलं.

गुरुवारी सकाळी हॅलोरनचा फोन. "एकच विचारायचं होतं, मिस टेट. प्रदर्शनासाठी तुमच्या घराण्याकडे आणखी काही आहे का? कॉलेजशी जोडलेलं? काहीही. तुमच्या वडिलांची थापी आम्ही इतक्या सुंदर मांडलीय." थापी मीच दिली होती, ती आता काचेत निळ्या मखमलीवर पडली होती, माझ्या बापाच्या घामाने काळ्या झालेल्या मुठीसकट. मी विचारलं, "समजा असलं, तर काय कराल?" ती म्हणाली, "ओह, आम्ही त्याची फार काळजी घेऊ. त्रिमितीय छायाचित्र काढू. लोकांना हाताळता येईल अशी प्रतिकृती करू." मी म्हटलं, "हाताळता येईल अशी." ती आनंदाने हो म्हणाली. मी तिला विचारलं की त्या विटेचं वय कुणी तपासलं, तर म्हणाली, "प्रयोगशाळेने. अर्थात लकी विटेला धक्का लावायला माजी विद्यार्थ्यांनी परवानगी दिली नाही, म्हणून शेजारच्या विटेची भुकटी घेतली. एकाच भिंतीतल्या, म्हणजे एकच." मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच शिसारी आली. शंभर वर्षं बोटं घालून विटेचा भुगा केलात, तेव्हा धक्का लागला नाही. खरं शोधायची वेळ आली तेव्हा मात्र विटेला जपायचं. वा रे वा.

आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या आणि दोन्ही घाण होत्या. गप्प बसले तर शुक्रवारी पाचशे माणसांसमोर माझ्याच बोटांवर हात ठेवून मी मेलेल्या लेकरासाठी रडल्याचं सोंग करायचं, आणि तो फोटो काचेत जायचा. बोलले तर पहिला प्रश्न येणार, मग खरी कुठं आहे? आणि मग फावडी घेऊन येतील, पांढरे हातमोजे घालून, अतिशय आदराने. त्या लेकराला एकशे ऐंशी वर्षांत साठच वर्षं काय ती पडून राहायला मिळालीत. अर्नेस्टीनला मी सगळं सांगितलं. ती कोलार्डच्या भाजीचा पाला निवडता निवडता म्हणाली, "जाऊ दे की. फोटो काढ, केक खा, घरी ये. कुणाच्या बापाचं काय जातं?" मी म्हटलं, "माझ्या बापाचं जातं."

शुक्रवारी ऊन चांगलं होतं. मोठा पांढरा मंडप, लिंबू सरबत, आणि बोटभर काचेच्या पेल्यांत चमचाभर रताळं, वर पुदिन्याचं एक पान. जवळ पाटी: ‘गुलाम स्वयंपाकिणींच्या स्मरणार्थ’. एक बाई माझ्याकडे पाहून डोळे मिटून ते खात होती. पुढच्या रांगांत देणगीदार, त्यांच्या कोटाला लाकडी बिल्ले, त्यावर चार बोटांचं चित्र. माझी बोटं, वाकड्या करंगळीसकट, दोनशे तरी कोटांवर. लोक माझा हात हातात घेऊन सोडतच नव्हते. ओले हात, गरम हात, अंगठ्यांचे हात. "किती धीराच्या तुम्ही." "हा प्रवास आपल्या सगळ्यांचा आहे." मी प्रत्येकाला हो म्हणत होते. अध्यक्ष व्हिटकोम बोलले, छान बोलले, आवाज बरोबर जागेवर कापला. क्षमा हा शब्द त्यांनी घेतला नाही. खेद घेतला. मग म्हणाले, त्या अनाम बालकाच्या वतीने मिस ड्रुसिला टेट आता त्या विटेला स्पर्श करतील.

मी भिंतीपाशी गेले. हातमोजा काढला, आणि हात विटेवर न ठेवता लोकांकडे वर केला, पालथा, करंगळी दिसेल असा. म्हटलं, "ही माझी बोटं आहेत."

टाळ्या झाल्या. देवाशपथ, टाळ्या. लोक उठून उभे राहिले, कुणी हुंदका दिला. त्यांना वाटलं बाई कविता म्हणतेय. मी थांबले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले, आणि इतका वेळ लागला की माझा हात दुखायला लागला. मग म्हटलं, "बसा. खाली बसा. मी अलंकारिक बोलत नाहीये. ही वीट एकोणीसशे चौसष्टच्या मार्चमध्ये माझ्या बापाने थापली. अमोस टेट. त्याची थापी तिकडं मखमलीवर आहे. जुनी वीट तुमच्या पोरांनी बोटं घालघालून फोडली, म्हणून कॉलेजने त्याला नवी करायला लावली, आणि बोटं लागली म्हणून माझी घेतली. मी सहा वर्षांची होते. करंगळी शिक्षेने नाही, ट्रकच्या दाराने मोडली, आणि जिने मोडली ती तिथं मागच्या रांगेत हिरवी टोपी घालून बसलीय." अर्नेस्टीनने टोपी खाली ओढली. "तुम्ही तीन वर्षं या लेकराची माफी मागायला शब्द शोधताय. लेकरू मेलेलं नाही. लेकराने अठ्ठावीस वर्षं तुमचे संडास धुतले. ते इथं उभं आहे. मागा."

मी वाट पाहिली, हे खरं सांगते. मला वाटलं होतं एखादा तरी उठेल. व्हिटकोमांनी हॅलोरनकडे पाहिलं, हॅलोरनने कागदांकडे पाहिलं. देणगीदारांच्या रांगेत एकाने कोटावरचा बिल्ला काढून खिशात टाकला, सरबत सांडल्यावर रुमाल खिशात टाकावा तसा. मग कुणीतरी वाजंत्रीवाल्यांना खूण केली आणि व्हायोलिनं सुरू झाली.

मंडपामागं हॅलोरनने मला आणि अर्नेस्टीनला गाठलं. चेहरा पांढरा पडला होता, पण शरमेने नव्हे. हिरमोड झाला होता तिचा. "मिस टेट, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मला फार, फार वाईट वाटतंय. पण समितीचा काळ गुलामगिरीबरोबर, अठराशे पासष्टला संपतो. चौसष्ट म्हणजे, तुमचं चौसष्ट, ते आमच्या कार्यकक्षेत येत नाही." मी म्हटलं, "मी तुमच्या कक्षेत येत नाही." ती म्हणाली, "मी तसं नाही म्हटलं," आणि या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही. मग मला ज्याची भीती होती तेच. तिने माझं मनगट धरलं. "पण मग मूळ वीट? ती असेल कुठं? ती मिळाली तर सगळं वाचेल, मिस टेट. सगळा अहवाल." तिच्या तोंडाला पुदिन्याचा वास होता. मी तिच्या बोटांकडे पाहिलं, माझ्या मनगटाभोवती चार, स्वच्छ, नखं कापलेली. म्हटलं, "कॉलेजने सांगितलं होतं, कचऱ्यात टाक." "आणि त्यांनी टाकली?" "माझा बाप तेहेतीस वर्षं इथं टिकला, बाई. सांगितलेलं काम करणारा माणूस होता तो." तिने मनगट सोडलं.

निघताना पाहिलं तर खुर्च्या गोळा होत होत्या. सोमवारपासून परीक्षा. एक पोरगी पाठीला पिशवी अडकवून आली, इकडंतिकडं बघितलं, आणि पटकन बोटं घालून गेली. आता काय, विटेत मेलेलं कुणी नव्हतं, मग हरकत कसली?

"मला नेबोला सोड," मी अर्नेस्टीनला म्हटलं. वाटेत ती म्हणाली, "ड्रू, तू त्या पोरीशी खोटं बोललीस." मी म्हटलं, "एक शब्द दाखव खोटा." ती खुदकन हसली. कब्रस्तानाच्या फाटकाशी नळ आहे. तिथं मी हात धुतले, कोपरापर्यंत, सगळ्यांचे हात धुऊन काढले. मग टेटांच्या ओळीत शेवटपर्यंत गेले आणि गुडघे कुरकुरले तरी खाली बसले. शिंपला बाजूला ठेवला. कप बाजूला ठेवला. वीट कोपऱ्यात ढासळलेली होती, बाबा म्हणाले होते तशी. माती मऊ होती. मी हळूच बोटं विटेखाली सारली, खालून, न उलटवता. मला फक्त एकदा पाहायचं होतं किती लहान होतं ते. गार माती नखांत गेली, जिभेवर ती जुनी चव आली, आणि बोटांच्या टोकांना एका खळग्याची कड लागली. एवढीशी होती. माझ्याहूनही लहान, पाचाचंही नसेल. बोट आत जाणार एवढ्यात मला मंडपातल्या त्या माणसांत मीच दिसले. रडवेलं तोंड, पुढं केलेला हात, आणि मनात आपण आदराने वागतोय असं पक्कं. मी तरी त्या लेकराला कुठं विचारलं होतं? मी हात काढून घेतला. माती दाबून बसवली, कप जागेवर ठेवला, शिंपला जागेवर ठेवला. अर्नेस्टीन फाटकाशी उभी होती. "बघितलंस?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं, आणि आम्ही घरी आलो.